वेशीला दिलेले टेकू

फार फार पूर्वी, नद्यांवर अजून पूल नव्हते आणि माणसे होडीची वाट बघत काठावर निवांत गप्पा मारत बसायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मला सांगायची घाई नाही. तुम्हीही सावकाश ऐका.

नदीकाठी एक नगर होते. नगराभोवती तट होता आणि तटाला एकच वेस होती. दोन बाजूंना दोन जाड दगडी खांब, त्यांच्यावर आडव्या टाकलेल्या तुळया, तुळयांवर माडी आणि माडीवर नगारा. पहाटे नगारा वाजला की गुरे बाहेर पडत. सांजेला वाजला की आत येत. गावात आलेला पाहुणा निघाला, की यजमान त्याला वेशीपर्यंत पोचवायला येई. लेकी सासरी जाताना इथेच रडत आणि माहेरी येताना इथूनच पळत सुटत.

त्या पावसाळ्यात वेशीवर वीज पडली. एका खांबाला वरपासून खालपर्यंत भेग गेली. भेगेत माणसाचा हात जाई.

राजा दूरच्या स्वारीवर निघाला होता. त्याने घोडा थांबवून भेग पाहिली आणि कारभाऱ्याला सांगितले, "दसऱ्याला मी परत येईन. सीमोल्लंघनाला सगळे गाव याच वाटेने बाहेर पडेल. त्याआधी ही वेस उतरवून घ्या. तिच्याखाली माझे एकही माणूस सापडता कामा नये."

राजा गेला. कारभाऱ्याने पाडकाम करणाऱ्या टोळीला बोलावणे धाडले.

त्या टोळीची मुकादम एक बाई होती. तिचे नाव येसाक्का. पूर्वी तिचा नवरा मुकादम होता. आता टोळीतला सगळ्यात तगडा गडी म्हणजे तिचा धाकटा दीर, मल्हारी. हाताने जोरकस आणि तोंडाने फटकळ. पण वहिनीचा शब्द तो सहसा मोडत नसे.

या टोळीची एक रीत होती. सकाळी कामावर येताना प्रत्येकाने नदीतला आपला एक खडा आणायचा आणि येसाक्काच्या पाटीत ठेवायचा. संध्याकाळी घरी जाताना तो उचलून न्यायचा. खडे ओळखीचे असत. कुणाचा पांढरा, कुणाचा तांबूस, कुणाचा कवडीसारखा. पाटी रिकामी झाली की मगच येसाक्का घरी जाई.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पाटीत एक खडा उरला होता. काळा, मधोमध पांढरी रेघ असलेला. तिच्या नवऱ्याचा. टेकू न देता एक भिंत खालून पोखरली होती, ती त्याच्या अंगावर आली. तो खडा येसाक्काने कधी नदीत टाकला नाही. तो तिच्या पदराच्या गाठीत असे. तेव्हापासून कामावर निघताना ती गड्यांच्या बायकांना एकच शब्द देई. "जेवढे नेते, तेवढे परत आणते."

तिची सगळी इस्टेट म्हणजे हा शब्द. दुसरे काही तिच्याजवळ नव्हते.

येसाक्काने वेस पाहिली. खालून पाहिली, वरून पाहिली. वेशीला लागून एका कुंभाराचे घर होते, तेही पाहिले. मग ती कारभाऱ्याला म्हणाली, "आधी तुळयांखाली टेकू द्यायला लागतील. चांगल्या जाड लाकडांचे. कुंभाराच्या भिंतीलाही तिरके टेकू. त्याशिवाय टिकाव लावणार नाही."

कारभारी तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, पाडायची आहे ती! जिला पाडायचं, तिला आधार कशाला?"

"पाडायची आहे म्हणूनच."

आता या नगरातही एक रीत होती. एखादी वास्तू पाडायची झाली, की तिच्यापुढे नारळ फोडत, दहीभात ठेवत आणि म्हणत, "बाई, आता मोकळी हो." असा निरोप दिला, की पुन्हा तिला लाकूड लावायचे नाही. लावले तर निघालेली वास्तू मागे फिरते आणि लाकूड देणाऱ्याच्या घरात ठाण मांडते, असा समज होता. वेशीला निरोप देऊन झाला होता. त्यामुळे टेकूसाठी वासा मागायला येसाक्का दारोदार फिरली, तरी कुणी काडी देईना.

"मेलेल्याला कुबड्या देतेय बया," लोक हसून म्हणाले.

मल्हारीही म्हणाला, "वहिनी, मला सांग. बुंध्यात चार घाव घालतो. दोर बांधून सगळे ओढू. एका दमात खाली. दसऱ्यापर्यंत झोपा काढू."

"आणि कुंभाराचं घर?"

"कुंभाराला सांगू, दुसरं घडव. चिखल त्याचाच."

गडी हसले. येसाक्काही थोडी हसली. मग तिने पदराची गाठ मुठीत धरली आणि म्हणाली, "मल्हारी, तुझ्या दादाचंही एका दमातच झालं."



दुसऱ्या दिवशी येसाक्का चावडीसमोर जाऊन उभी राहिली. गाव जमले होते. ती बोलणारी बाई नव्हती. तिने फक्त विचारले, "पाहुणा निघाला की तुम्ही काय करता?"

"वेशीपर्यंत पोचवतो," एक तेली म्हणाला.

"दारातूनच ढकलून देत नाही?"

"छे! असं कसं? शोभतं का ते?"

"आज वेसच निघाली आहे," येसाक्का म्हणाली. "तुमच्या आज्यापणज्यांना तिनं सावली दिली. तुमची वरात तिच्याखालून गेली. तिला कुठवर पोचवणार?"

कुंभार मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "जमिनीपर्यंत पोचवायला पाहिजे."

"तेवढंच मागते. जमिनीला टेकेपर्यंत हात धरा तिचा. मग जाऊ दे."

सगळे तरीही घुटमळत होते. रीत मोडायला पहिले पाऊल कुणाचे, हा प्रश्न होता. गर्दीत एक साळी होता. दिवाळीनंतर त्याच्या मुलीचे, चिमाचे, लग्न होते. मांडवासाठी त्याने जाड, सरळ मेढी तोडून आणून अंगणात रचल्या होत्या. येसाक्काची नजर त्या मेढींवर जाऊन आली होती, हे त्याला ठाऊक होते. तो खाली बघत होता. अपशकुन झाला तर तो लेकीच्या मांडवाला होणार.

तेवढ्यात चिमाच पुढे आली. "बाबा, द्या की मेढी."

"अगं पोरी, तुझा मांडव..."

"मांडव माझा आहे ना? मग मीच देते. या वेशीखालून मला सासरी जायचं होतं. आता ती नसेल. निदान तिला नीट पोचवू."

साळ्याने डोळे पुसले आणि मान हलवली. मग तेल्याने घाण्याची जुनी लाट, म्हणजे घाण्याचे जाड आडवे लाकूड, आणून दिली. कुणी गाडीची दांडी आणली, कुणी गोठ्याचा वासा. एका सावकाराने कोरीव नक्षीचा मोठा खांब पाठवला. तो वाजतगाजत आला. येसाक्काने त्याला हातोडीच्या पाठीने ठोकले, कान लावला आणि म्हणाली, "शेठजींना सांगा, फार देखणा आहे. पण आत वाळवी नांदतेय. तिचा संसार कशाला मोडा?"

गाव खो खो हसले. सावकारही शेवटी हसला आणि त्याने दुसरा साधा वासा पाठवला.

टेकू उभे राहिले. प्रत्येक टेकूखाली जाड फळी, म्हणजे तो मातीत रुतू नये. प्रत्येकाच्या डोक्याशी पाचर, म्हणजे तो तुळईला घट्ट भिडावा. कुंभाराच्या भिंतीला तिरके टेकू लागले. मग येसाक्काने सांगितले, "वरून खाली यायचं. आधी कौलं, मग माडीच्या भिंती. दगड निघाला की दोराने उतरवायचा. माडीवर साठवायचा नाही. आणि एक टेकू काढायचा झाला, तर शेजारी दुसरा लावल्याशिवाय हात लावायचा नाही."

काम सुरू झाले. पहिल्या दिवशीच नगारा फुलाच्या परडीसारखा अलगद खाली उतरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी येसाक्का वेशीखालून एक फेरी मारी. हातोडीच्या पाठीने एकेक टेकू ठोकी आणि ऐके. गडी थट्टा करत. "वहिनी टेकवांना उठवतायत. उठा बाबांनो, तोंडं धुवा."

"ऐका तरी," ती म्हणे. "नुसता उभा असलेला टेकू बद्द आवाज देतो. भार आलेला टेकू ताठ, चढा आवाज देतो. कालचा बद्द आवाज आज चढा लागला, तर समजायचं की वर काहीतरी हललं. मग विचारत बसायचं नाही. आधी माणसं बाहेर."

रोज आवाज बद्द येई. वेस आपल्याच जोरावर उभी होती आणि टेकू नुसते तिच्या सोबतीला. मल्हारी म्हणे, "वहिनी, तुझे टेकू फुकटचे जेवतात."

दसरा जवळ आला. कारभाऱ्याचा जीव टांगणीला लागला. तो रोज येई आणि विचारी, "होईल ना गं बाई? राजाला काय तोंड दाखवू?" तो वाईट माणूस नव्हता. घाबरला होता, एवढेच. पण भीतीचीही लागण होते. ती हळूहळू मल्हारीला लागली.

एका दुपारी येसाक्का कुंभाराच्या घरात भिंत बघायला गेली होती. मल्हारी गड्यांना म्हणाला, "एकेक दगड दोराने उतरवत बसलो तर पुढचा दसरा उजाडेल. आधी सगळी भिंत सोडवून दगड माडीवर टाका. मग गाडी थेट खाली आणू आणि एकदम उतरवू."

गड्यांनी एकमेकांकडे पाहिले. पण घाई सगळ्यांनाच होती. दगडांचा ढीग माडीवर वाढत गेला.

गाडी आली. बैल वेशीच्या तोंडाशी थांबले. मधला एक टेकू वाटेत येत होता. ती चिमाच्या मांडवाची मेढ होती.

"हा आडवा येतोय," गाडीवान म्हणाला.

"एकटाच तर आहे," मल्हारी म्हणाला. "घटकाभर काढू. फुकटचं जेवणारं एक तोंड कमी."

तो हातोडी घेऊन वेशीखाली गेला. वर माडीवर गडी होते. पाचर उडवायला त्याने हातोडी उचलली. पण हात सवयीचा गुलाम असतो. रोज सकाळी वहिनीला बघून बघून त्याच्याही हाताला सवय लागली होती. त्याने पाचरेवर घाव घालण्याआधी हातोडीच्या पाठीने मेढीला हलकेच ठोकले.

आवाज चढा आला.

मल्हारीने पुन्हा ठोकले. आवाज ताणलेल्या तारेसारखा आला. त्याने मेढीवर तळहात ठेवला. लाकूड बारीक थरथरत होते. ओझे उचलून निघालेल्या हमालाची मांडी थरथरते, तसे.

इतके दिवस ती मेढ नुसती उभी होती. आता सगळी माडी तिच्या डोक्यावर होती.

मुलांनो, याच वेळी माणसाची खरी पारख होते. मल्हारीला सगळे कळले. चूक त्याची होती, हेही कळले. माणूस अशा वेळी चूक लपवायला बघतो. मल्हारीने हातोडी अलगद खाली ठेवली आणि छातीतला सगळा जोर लावून ओरडला, "उतरा! हातातलं टाकू नका, आहे तिथं ठेवा आणि उतरा! माझं चुकलंय, उतरा!"

गडी शिडीवरून उतरले. एक जण घमेले घेऊन येत होता, त्याच्या हातून मल्हारीने ते काढून घेतले. गाडीवानाने बैल मागे रेटले. शेवटचा गडी बाहेर पडला, त्याच्या मागे मल्हारी बाहेर पडला.

आणि तुळई मोडली.

असा आवाज झाला, की नदीपलीकडचे बगळे उडाले. धुळीचा लोट वेशीतून बाहेर आला. माडी खाली बसली. गावाने डोळे मिटून घेतले.

धूळ हळूहळू खाली बसली. लोकांनी डोळे उघडले. माडी वीतभर खचली होती, पण कोसळली नव्हती. खाली टेकू उभे होते. तेल्याची लाट, गाडीची दांडी, गोठ्याचा वासा, सावकाराचा साधा वासा. आणि मधोमध चिमाच्या मांडवाची मेढ. सगळ्यांनी मिळून ती माडी झेलून धरली होती. कुंभाराच्या घराचे एक कौलसुद्धा हलले नव्हते.

येसाक्का कुंभाराच्या घरातून पळत आली. तिने वेशीकडे पाहिले नाही. तिने माणसांकडे पाहिले. "आपापला खडा उचला," ती म्हणाली.

एकेक गडी पुढे आला. कुणी पांढरा उचलला, कुणी तांबूस. शेवटी मल्हारी आला. त्याने आपला कवडीसारखा खडा उचलला. पाटी रिकामी झाली.

येसाक्का मटकन खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. मल्हारी तिच्यापुढे बसला. "वहिनी, मी दगड साठवले. टेकूही काढणार होतो."

"काढला नाहीस."

"तुझी ती टकटक आडवी आली."

"येऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या सकाळी टेकवांना तू उठव."

कारभारी धावत आला. "आता मोडलीच आहे, तर ओढून पाडा की! किती वेळ—" बोलता बोलता त्याची नजर त्या गड्यांवर गेली. अंगभर धूळ, मुठीत खडे. तो थांबला. त्याने पागोटे काढून काखेत धरले आणि म्हणाला, "नाही. तुम्ही म्हणाल तसं. राजाला मी तोंड देईन."

आणि मग गाव हलले. आता लाकूड मागावे लागले नाही. ज्यांनी तोंड फिरवले होते, तेही वासे खांद्यावर घेऊन आले. टोळीने बाहेरून आत असे नवे टेकू देत देत माडी पुन्हा पक्की केली. मग दोर लागले. दोराच्या एका टोकाला टोळी आणि दुसऱ्या टोकाला गाव. साळी होता, तेली होता, सावकार होता, कारभारीही होता. दगड एकेक करून उतरू लागला. बायका गाणी म्हणू लागल्या. माहेरवाशिणीला डोलीतून उतरवावे, तशी ती वेस उतरली. माडी गेली, तुळया गेल्या, खांब गेले. अष्टमीच्या संध्याकाळी शेवटचा दगड जमिनीला टेकला.

"पोचली," कुंभार म्हणाला. आणि सगळ्या गावाने एकदम हात जोडले.

त्या संध्याकाळी गड्यांनी खडे उचलले. पाटी रिकामी झाली. येसाक्काने पदराची गाठ सोडली. पांढऱ्या रेघेचा काळा खडा तिने पाटीत ठेवला आणि नुसती बघत बसली.

मल्हारीने तो खडा उचलला. आपल्या खड्याबरोबर मुठीत धरला. "दादाचा मी घेऊन चाललोय," तो म्हणाला. "चल वहिनी. सगळे घरी आले."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. टोळी आपल्या हत्यारांची पूजा मांडत होती. टिकाव, पहारी, हातोड्या. मल्हारीने त्यांच्याआधी चिमाच्या मांडवाची मेढ मांडली आणि तिलाच पहिले हळदकुंकू वाहिले. "फुकट जेवली नाही ही," तो म्हणाला.

दसऱ्याला राजा आला. जिथे वेस होती, तिथे मोकळी वाट होती आणि वाटेतून थेट नदीपर्यंतचे आकाश दिसत होते. नगारा गाडीवर चढवून वाजवत गाव सीमोल्लंघनाला निघाले. इतकी रुंद मिरवणूक त्या नगराने कधी पाहिली नव्हती. राजाने कारभाऱ्याला विचारले, "किती माणसे गमावलीत?"

कारभाऱ्याने येसाक्काची रिकामी पाटी पुढे केली.

राजाला रीत समजावून सांगितली, तेव्हा तो हत्तीवरून खाली उतरला. त्याने आपट्याचे पहिले पान येसाक्काला दिले. "बाई, काय हवे ते माग."

"महाराज, तुमच्या राज्यात टेकू दिल्याशिवाय कुणाला टिकाव उचलू देऊ नका," ती म्हणाली. "बाकी आमचं आम्ही बघू."

राजाने त्याच जागी दवंडी पिटवली. त्या दिवसापासून त्या राज्यात एकही माणूस पाडकामात दगावला नाही.

चिमाचे लग्न थाटात झाले. मांडव त्याच मेढींवर उभा राहिला. कुणाला अपशकुन आठवला नाही. उलट, पुढे ज्या घरी लग्न निघे, त्या घरचा माणूस आधी चिमाच्या बापाकडे येई आणि म्हणे, "वेशीला हात दिलेल्या मेढी तेवढ्या आमच्या मांडवाला द्या." त्या मेढी गावभर फिरल्या. जिथे गेल्या, तिथे ताठ उभ्या राहिल्या.

तात्पर्य: जे पाडायचे आहे, त्यालाही जमिनीला टेकेपर्यंत आधार द्यावा, आधी टेकू, मगच टिकाव.